जांबच्या राणूबाई : देवघराचा दिवा सांभाळणारी आजी

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेले व्याख्यान)



देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे येणाऱ्या माणसाची नजर आधी कळसाकडे जाते. मग सभामंडप, मग गाभारा, आणि शेवटी भिंतीवर बसविलेली देणगीदारांची फरशी. कोणी किती दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले हे वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. गावाने पै पै जमवून उभे केलेले काम आहे, त्यात ज्याचा हात लागला त्याचे नाव राहिलेच पाहिजे.

पण देऊळ बांधून होणे ही एक गोष्ट आणि देऊळ जागते राहणे ही दुसरी गोष्ट. चुना-सिमेंटाने भिंत उभी राहते, जाग येत नाही. जाग येते ती पहाटे उठून अंगण झाडणाऱ्या, तुळशीला पाणी घालणाऱ्या, वाती वळून ठेवणाऱ्या आणि नातवाचे बोट धरून त्याला घंटेपर्यंत उचलून धरणाऱ्या आजीमुळे. तिचे नाव फरशीवर नसते. तिने दिलेली देणगी पावतीपुस्तकात मावत नाही. तांब्याभर पाणी, मूठभर फुले आणि आयुष्यभराच्या सकाळी एवढीच तिची देणगी.

आजच्या मंगल प्रसंगी अशाच एका आजीचे स्मरण करणे उचित होईल. तिच्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या शेजारी जांब हे गाव आहे. श्रीसमर्थ रामदासस्वामींचे जन्मस्थान म्हणून अवघा महाराष्ट्र त्याला जांबसमर्थ म्हणतो. त्या गावातल्या ठोसरांच्या घरातील राणूबाई हीच ती माउली. जग त्यांना समर्थांची आई म्हणून ओळखते. परंतु त्या थोरल्या मुलाच्या, गंगाधरपंतांच्या, दोन पुत्रांच्या आजीही होत्या, आणि त्या घराचा वंश पुढे कोठवर पोहोचला हे पाहिले म्हणजे त्यांच्या आजीपणाचे मोल कळते.

राणूबाईंचे पती सूर्याजीपंत ठोसर हे जांबचे कुलकर्णी. गावचे दप्तर त्यांच्याकडे, आणि घरात सूर्याची व रामाची उपासना. शके १५२७, म्हणजे इसवी सन १६०५ साली थोरला मुलगा गंगाधर जन्मला. तीन वर्षांनी, शके १५३० च्या रामनवमीला, म्हणजे १६०८ साली, धाकटा नारायण झाला. गंगाधरपंतांना पुढे लोक आदराने ‘श्रेष्ठ’ म्हणू लागले, आणि नारायणाचे रामदास झाले. एकाच घरात रामभक्तीचे दोन दिवे लागले. ते ज्या समईतून पेटले ती समई राणूबाईंची होती.

शके १५३७, म्हणजे १६१५ साली सूर्याजीपंत वारले. थोरला दहा वर्षांचा, धाकटा अवघा सात वर्षांचा. दोन लेकरे पदरात घेऊन त्या काळातील एका विधवेने संसार ओढायचा म्हणजे काय, हे येथे बसलेल्या मायबहिणींना वेगळे सांगायला नको. सकाळी पूजा व्हायची ती होतच राहिली. घरातला कर्ता पुरुष गेला तरी देवघरातला नंदादीप विझू द्यायचा नाही, ही त्या पिढीच्या बायकांची रीत होती.

धाकटा नारायण मोठा खोडकर. झाडावर चढावे, डोहात उड्या घालाव्यात आणि मनात आले की एकदम गप्प होऊन कोठेतरी दडून बसावे. एकदा तो घरात सापडेना. शोधता शोधता अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत बसलेला सापडला. आईने विचारले, येथे काय करतोस? तेव्हा त्याने आपण विश्वाची चिंता करीत आहोत असे उत्तर दिले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. कथा सांगताना आपण नेहमी मुलाच्या उत्तराचे कौतुक करतो. त्या क्षणी आईच्या मनात काय आले असेल इकडे लक्ष जात नाही. ज्या पोराला अजून स्वतःची धोतराची गाठ नीट मारता येत नाही ते पोर विश्वाची चिंता करते म्हणाले, तर आईला हसू येईल आणि पोटात खड्डाही पडेल. हे मूल आपल्या एकटीचे राहणार नाही, ही धास्ती तिला तेव्हाच बसली असली पाहिजे.

आणि म्हणूनच तिने त्याच्या लग्नाची घाई केली. यात राणूबाईंचे काही चुकले असे कोण म्हणेल? मुलगा भरकटेल असे वाटले की आई त्याच्यासाठी स्थळ पाहते, हे आजही चालते. नारायण लग्नाला तयार नव्हता. तेव्हा आईने त्याच्याकडून वचन घेतले की अंतरपाट धरीपर्यंत तू नाही म्हणायचे नाहीस. मुलाने ते मान्य केले. आईला वाटले, एकदा अंतरपाट धरला की पुढचे आपोआप होईल. शके १५४१ च्या अखेरीस, म्हणजे १६२० च्या सुमारास, जवळच्याच आसनगावी मांडव पडला. मंगलाष्टके सुरू झाली. भटजींनी ‘सावधान’ म्हटले आणि बारा वर्षांचा नवरदेव खरोखरच सावध होऊन मांडवातून निसटला.

कीर्तनात हा प्रसंग आला की श्रोते हसतात आणि टाळ्या वाजतात. पण मांडवात त्या दिवशी कोण कोण उभे होते हे जरा डोळ्यांपुढे आणावे. हातात माळ घेतलेली एक लहान मुलगी होती. तिचे आईबाप होते. आणि वरमाय म्हणून मिरविण्याऐवजी सगळ्या वऱ्हाडापुढे मान खाली घालून उभी राहिलेली राणूबाई होती. मुलाने वचन अक्षरशः पाळले होते. अंतरपाट धरीपर्यंत तो नाही म्हणाला नव्हता. पण आईने वचन घेतले ते ज्या आशेने, ती आशा त्या अंतरपाटाबरोबरच खाली गळून पडली. मोठ्या माणसाच्या मोठ्या कार्याची किंमत बहुधा दुसऱ्या कोणीतरी आधी मोजलेली असते. समर्थचरित्रात ती किंमत प्रथम राणूबाईंनी मोजली.

नारायण नाशिकला गेला. पंचवटीजवळ टाकळी येथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर त्याने बारा वर्षे तप केले. पुढे आणखी बारा वर्षे पायी भारतभर तीर्थाटन केले. चोवीस वर्षे! आपल्या मुलाला पुण्या-मुंबईला कामाला लावून दिले आणि आठ दिवस फोन आला नाही, तर घरातल्या म्हातारीचा जीव खालीवर होतो. त्या काळी ना टपाल, ना तार. यात्रेकरू आला तर त्याला विचारायचे, बैरागी दारात उभा राहिला तर त्याच्या तोंडाकडे पाहायचे. बारा वर्षांचे असे असे पोर कोठे दिसले का, एवढाच प्रश्न. वर्षे लोटली. पोर बारा वर्षांचे राहिले नव्हते, पण आईच्या प्रश्नातले वय तेच राहिले असेल.

आणि ती वर्षे तरी कशी? त्या वेळी आपला हा मुलूख निजामशाहीत होता. १६२६ साली मलिक अंबर वारला आणि राज्य खिळखिळे झाले. मोगलांच्या फौजा येत होत्या, जात होत्या. १६३० ते १६३२ या काळात दक्षिणेत आणि गुजरातेत महाभयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि १६३६ पर्यंत निजामशाही बुडाली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी लेकरे जगविली, ती माणसे आज आपल्या गावात आजी-आजोबा आहेत. त्यांना विचारा, दुष्काळात देवघरापुढे तेलाचा दिवा लावणे म्हणजे काय असते. पोटाला तेल नाही, तेथे वातीला कोठून आणायचे? तरी दिव्याचा नेम मोडत नाही, कारण तो मोडला तर माणसाचा धीरच मोडतो. राणूबाई त्या काळातून गेल्या.

त्यांना आधार होता तो थोरल्या मुलाचा. येथे श्रेष्ठ गंगाधरपंतांचे नाव आदराने घेतले पाहिजे. धाकट्याने घर सोडले, थोरल्याने घर धरले. आईची समजूत घालणे, घर चालविणे, रामाची उपासना करणे, हे सारे त्यांनी केले. ते स्वतः अधिकारी पुरुष होते. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुगमोपाय’ हे ग्रंथ त्यांनी लिहिले, आणि ‘रामी रामदास’ या नावाने त्यांची रचना प्रसिद्ध आहे. तरीही ते जांब सोडून गेले नाहीत. म्हाताऱ्या आईला टाकून मोक्ष मिळवावा असे त्यांना वाटले नाही. समर्थांच्या कीर्तीपुढे श्रेष्ठांचे हे मोठेपण झाकून जाते. घरोघरी असेच असते. बाहेर गेलेल्या मुलाचे कौतुक वेशीपर्यंत पोहोचते आणि जवळ राहिलेल्या मुलाने रोज दिलेला पाण्याचा तांब्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. श्रेष्ठांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही सासूची सेवा केली. मुलगा, सून आणि नातवंडे असलेले ते घर होते. पण एका कोपऱ्यात एक जागा रिकामी होती, आणि त्या जागेकडे पाहून पाहून राणूबाईंचे डोळे गेले, असे परंपरा सांगते.

डोळे कशाने गेले? चरित्रकार म्हणतात, पुत्रवियोगाने रडून रडून गेले. आजचा डॉक्टर म्हणेल, वयोमानाने मोतीबिंदू झाला असेल. दोन्ही गोष्टी एकाच म्हातारीच्या असू शकतात. तिला दिसत नव्हते एवढे खरे, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनीही ती देवापुढे बसत होती.

शके १५६६ च्या सुमारास, म्हणजे १६४४ साली, समर्थ तीर्थाटन आटोपून गोदाकाठाने पैठणास आले. तेथे जांबकडच्या माणसाने त्यांना ओळखले आणि आईची हकिकत सांगितली, अशी कथा आहे. समर्थ जांबला आले. दारात उभे राहून त्यांनी रघुवीराचा जयजयकार केला. राणूबाई आतून सुनेला म्हणाल्या, गोसावी आला आहे, त्याला भिक्षा घाल. दारातल्या गोसाव्याने सांगितले की हा गोसावी नुसत्या भिक्षेवर परत जाणारा नव्हे. तो आवाज कानी पडला आणि म्हातारीने पोराला ओळखले.

केवढी ही गोष्ट! चोवीस वर्षांपूर्वी गेला तेव्हा आवाज फुटलाही नव्हता. आता छत्तीस वर्षांचा पुरुष दारात उभा होता. डोळे असलेल्या माणसांनाही ओळख पटली नसती. आईला आवाजातच पटली. तिने जवळ बोलावून त्याच्या अंगावरून हात फिरविला, तो हाताला जटा लागल्या, दाढी लागली. समर्थांनी आईच्या डोळ्यांवरून हात फिरविला आणि तिला दिसू लागले, असे सर्व चरित्रकार सांगतात. आईने विचारले, ही कोणती भूतविद्या शिकून आलास? त्यावर समर्थांनी ते भूत म्हणजे श्रीराम असे अभंगरूपाने सांगितले. तो अभंग आजही आपल्या भजनी मंडळांत म्हटला जातो.

समर्थांची चरित्रे बहुतेक त्यांच्यानंतर लिहिली गेली. हनुमंतस्वामींची बखर तर समर्थांच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाली. त्यामुळे कोणी चिकित्सक विचारील की चमत्कार झाला कशावरून? भाविकाने श्रद्धेने मानावे, चिकित्सकाने आपल्या परीने विचार करावा. पण या कथेत एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर कोणीही शंका घेणार नाही. जग हिंडून आलेला मुलगा परत आला, त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले, आणि आईला पुन्हा उजेड दिसला. हे आजही घरोघरी घडू शकते. त्याला तपश्चर्येची गरज नाही, एस. टी. चे एक तिकीट पुरते.

समर्थ काही काळ आईजवळ राहिले. या दिवसांत त्यांनी आईला कपिलगीता सांगितली. ही कपिलगीता म्हणजे श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधातील प्रसंग. कर्दम ऋषी वनात गेले, घरी देवहूती एकटी राहिली. तिने आपल्या मुलाला, कपिलमुनींना विचारले, बाबा, मला या मायेतून सुटण्याचा मार्ग सांग. मग कपिलांनी आईला सांख्य आणि भक्ती यांचे ज्ञान सांगितले. आपल्या परंपरेत गुरूने शिष्याला सांगितलेल्या गीता पुष्कळ आहेत. मुलाने आईला सांगितलेली ही गीता वेगळी आहे, आणि समर्थांनी राणूबाईंसाठी नेमकी तीच निवडली. त्यांना अध्यात्मातले पुष्कळ काही येत होते. पण समोर कोण बसले आहे, तिचे दुःख काय आहे, हे पाहून त्यांनी ती कथा काढली. पती गेलेला, मुलगा विरक्त झालेला, अशीच देवहूती होती. आपली कथा आपल्याला सांगितली जात आहे हे राणूबाईंना कळल्याशिवाय राहिले नसेल.

मग पुन्हा निरोपाची वेळ आली. हा दुसरा निरोप पहिल्याहून अवघड म्हटला पाहिजे. पहिल्या वेळी मुलगा न सांगता गेला होता. या वेळी तो आईला विचारून निघाला, आणि आईने त्याला हो म्हटले. पहिल्या वेळी नशिबाने हिरावून घेतलेले पोर राणूबाईंनी या वेळी आपल्या हाताने देऊन टाकले. देणगी म्हणतात ती याला. समर्थ तेथून पुढे कृष्णाकाठी गेले. शके १५७०, म्हणजे १६४८ साली चाफळला राममंदिर उभे राहिले. गावोगाव मारुती बसले, मठ झाले, पोरे बलोपासना करू लागली. पुढे दासबोध झाला, वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा. हे जे सारे महाराष्ट्राला मिळाले, त्यात जांबच्या एका म्हातारीने ‘जा बाळा’ म्हटले त्याचा वाटा आहे. तो वाटा कोणत्या फरशीवर कोरला आहे?

शके १५७७, म्हणजे १६५५ साली राणूबाईंनी देह ठेवला. अंतकाळी समर्थ जांबला आलेले होते, दोन्ही मुले जवळ होती, असे चरित्रकार सांगतात. पती गेल्यापासून चाळीस वर्षे त्यांनी ते घर आणि ते देवघर सांभाळले. एवढ्या विरक्त पुरुषाने आईच्या शेवटच्या घटकेला सारी कामे बाजूस ठेवून यावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चाफळहून जांब हे काही जवळचे अंतर नव्हे. मठांचा व्याप, शिष्यांचा व्याप, उत्सवांचा व्याप. तरी ते आले. आज ‘रजा मिळाली नाही’ म्हणून आईच्या आजारपणात न येणाऱ्या मुलांनी हे ऐकून ठेवावे.

आता त्यांच्या नातवंडांविषयी. श्रेष्ठांना रामचंद्र आणि श्यामजी असे दोन पुत्र होते. शके १५९९ मध्ये श्रेष्ठांनी दहीफळ येथे देह ठेवला. पुढे १६८२ साली, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, सज्जनगडावर समर्थांचे निर्वाण झाले. समर्थ तर ब्रह्मचारी. मग एवढ्या मोठ्या संस्थानाचा सांभाळ कोणी करावा? ती परंपरा श्रेष्ठांच्या वंशात, म्हणजे राणूबाईंच्या नातवंडांच्या घराण्यात चालत आली. घर सोडून गेलेल्या मुलाने उभे केलेले कार्य घरी राहिलेल्या मुलाच्या लेकरांनी सांभाळले. ज्या आजीने जांबच्या छोट्या देवघरात दिवा तेवत ठेवला, तिच्याच वंशाने पुढे सज्जनगडचा दिवा तेवत ठेवला. आजीचे संस्कार म्हणजे काय, याचा याहून मोठा दाखला शोधायला नको.

समर्थांचे सारे हस्तलिखित धन पुढच्या काळात विखुरले होते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठामठांतून हिंडून ती बाडे जमविली. म्हणून आज आपल्याला ही चरित्रे वाचावयास मिळतात. जपणूक हीसुद्धा भक्तीच आहे, हे देवांच्या कामावरून कळते.

ही जपणूक किती महत्त्वाची आहे, याचा अनुभव आपल्या परिसराने अलीकडेच घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबसमर्थच्या मंदिरातून श्रीरामपंचायतनातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. ज्या मूर्तींची पूजा समर्थांच्या घराण्यात होत आली असे भाविक पिढ्यान्‌पिढ्या मानतात, त्याच मूर्ती एका रात्रीत नाहीशा झाल्या. पंचक्रोशीत चूल पेटवावीशी वाटू नये असा तो दिवस होता. पोलिसांनी तपास लावला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूर्ती परत मिळाल्या, ही रामरायाची कृपा. पण त्यातून शिकायचे ते शिकले पाहिजे. दुष्काळ, लढाया, राज्ये बुडणे या साऱ्यांतून देव टिकून राहतो, आणि गाव निर्धास्त झोपले की एका रात्रीत तो उचलला जातो. जीर्णोद्धार झाला म्हणजे काम संपले असे समजू नये. कुलूप लावणे, कॅमेरा बसविणे, रात्रीची पाळी ठरविणे हे जरूर करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देवळात माणसांची वर्दळ राहावी. जेथे सकाळ-संध्याकाळ आरतीला पोरेबाळे जमतात, जेथे दुपारी आयाबाया पारावर बसलेल्या असतात, तेथे चोराचे पाऊल सहसा पडत नाही.

आता थोडे आपल्या गावापुरते. कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचे गाव. चार खेड्यांचे लोक येथे येतात. गावाच्या नावातच कुंभार आहे. कुंभार पणती घडवितो, पण ती पेटविणारा हात घरात असावा लागतो. आज आपली पुष्कळ तरुण मुले छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला कामाला आहेत. कित्येक कुटुंबे सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात. घरी राहते ती म्हातारी आणि शाळेत जाणारे नातवंड. नातवाला आंघोळ घालणारी, त्याला शुभंकरोती शिकविणारी, त्याची फी भरण्यासाठी लुगड्याच्या गाठीतले पैसे सोडणारी ती आजीच असते. आपल्या गावात गल्लीगल्लीत राणूबाई आहेत. त्यांचे मुलगे कारखान्यात आहेत, लष्करात आहेत, कोयता घेऊन उसाच्या फडात आहेत. त्याही कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसल्या आहेत.

समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात जन्मापासून म्हातारपणापर्यंतचे माणसाचे हाल वर्णिले आहेत. वय झाले, शक्ती गेली म्हणजे घरचीच माणसे कशी कंटाळतात, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन आजही जुने झालेले नाही. मुलांनी आईबापांना सांभाळावे यासाठी २००७ साली सरकारला कायदा करावा लागला. कायदा झाला ते बरे झाले. पण जे काम मायेने व्हावयाचे त्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागावी, यात समाजाला भूषण नाही.

तेव्हा या सोहळ्याच्या निमित्ताने देणगीदार आणि ग्रामस्थ यांच्यापुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. राणूबाईंचे डोळे समर्थांच्या हातांनी उघडले. आजच्या राणूबाईंचे डोळे उघडण्यासाठी चमत्काराची वाट पाहण्याचे कारण नाही. देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि सरकारी दवाखान्यांतून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. अडचण असते ती न्यायला-आणायला माणूस नसण्याची. म्हातारी म्हणते, आता काय राहिले माझे, कशाला खर्च? आणि घरचे म्हणतात, सुगी झाल्यावर बघू. सुग्या येतात, सुग्या जातात, आणि डोळ्यांवरचा पडदा दाट होत जातो. देवस्थानाने दरवर्षी उत्सवाच्या आधी गावातील म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासून घ्यावेत. ज्यांना गरज असेल त्यांना गाडी करून दवाखान्यात न्यावे, परत आणावे आणि आठ दिवस औषध कोण घालणार हे ठरवून द्यावे. उत्सवाच्या खर्चातला थोडा भाग यासाठी काढला तर प्रसादात काही कमी पडणार नाही. ज्या आजीने पन्नास वर्षे या देवाला दिवा लावला, तिला नव्या गाभाऱ्यातील देवाचे मुख स्पष्ट दिसले पाहिजे. नाहीतर हा जीर्णोद्धार कोणासाठी केला?

दुसरी विनंती बाहेरगावी असणाऱ्या मुलांना. वर्षातून एकदा उत्सवाला येता, वर्गणी पाठविता, हे गावाला फार मोलाचे आहे. पण येताना थेट देवळाकडे न येता आधी घरच्या उंबऱ्यात थांबावे. समर्थही आधी आपल्या आईच्या दारात उभे राहिले होते. आणि एक लक्षात असू द्यावे की गावात राहिलेला भाऊ हा काही मागे राहिलेला भाऊ नव्हे. आपल्याकडे त्याला श्रेष्ठ म्हणण्याची परंपरा आहे.

तिसरी विनंती सर्व सुनांना आणि मुलींना. घरातल्या आजीला येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या, आरत्या, व्रतांच्या कहाण्या, सणावारांच्या रीती या लिहून घ्या, आता तर आवाजही टिपून ठेवता येतो. धुळ्याच्या देवांनी मठांतली बाडे वाचविली. आपल्या घरातली ही न लिहिलेली बाडे वाचविणे आपल्या हातात आहे. एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर एक पोथी जाते, आणि त्या पोथीची दुसरी प्रत कोठेही नसते.

राणूबाईंनी कोणता ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापला नाही. त्यांनी दोन मुले वाढविली, एकाला जवळ ठेवले, एकाला जगाला दिले, आणि मधल्या सगळ्या वर्षांत संध्याकाळचा दिवा चुकू दिला नाही. एवढ्यावर महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक मोठे पान उभे आहे. या गावातील सर्व माउल्यांच्या हातून या नव्या मंदिरातील दिवा असाच अखंड तेवत राहो, त्यांना दीर्घायुष्य आणि चांगली दृष्टी लाभो, आणि त्यांची वाट पाहणारी संध्याकाळ फार लांबू नये, हीच प्रभू रामचंद्रांच्या चरणी प्रार्थना.

जय जय रघुवीर समर्थ!